युवराजला घरी ने

एका गावात एक भोळा गडी होता. गावात भोळे आणखीही होते, पण ते निवडून आले होते, म्हणून त्यांना कुणी भोळं म्हणत नसे. उरला तो केरबा. त्याला सगळेच म्हणत.

केरबाला काम सांगायचं म्हणजे तोंड सांभाळून सांगायचं. गिरणीवाला एकदा म्हणाला, "जरा पिठाकडं बघ." केरबा बघत बसला. पीठ डब्यातून उतू गेलं, जमिनीवर सांडलं, दाराबाहेर गेलं. केरबानं नजर काढली नाही. गिरणीवाल्यानं मात्र त्याला काढलं.

अशा किती नोकऱ्या गेल्या ते केरबालाही आठवत नव्हतं. आणि त्याचा जीव तर बाजाबाच्या रत्नीवर जडला होता. बाजाबा स्पष्ट म्हणाला, "एक नोकरी शेवटपर्यंत टिकवून दाव. नारळ घेऊन मीच येतो तुझ्या दारात. न्हाईतर रत्नीला दुसरं स्थळ बघतो."

नेमकं त्याच सुमारास कोल्हापूरच्या आबासाहेबांनी कॅरॅव्हॅन घेतली. आबासाहेबांचा बंगला मोठा होता. पण मोठ्या माणसांना घरात कंटाळा येतो. मग ते घर सोडून फिरायला जातात, आणि जाताना घरच बरोबर नेतात. गाडीत पलंग होता, शेगडी होती, संडास होता, गार हवेचं यंत्र होतं. जायचं होतं कोकणात, मोकळी हवा खायला, सगळ्या काचा बंद करून.

बरोबर युवराज होता, आणि त्याच्या दिमतीला नवा ठेवलेला केरबा. युवराज म्हणजे त्यांचा लॅब्रॅडॉर. पण त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनीसाहेबांसमोर, त्याला कुत्रा म्हणायची सोय नव्हती.

"तो आमचा मुलगा आहे," वहिनीसाहेबांनी पहिल्याच दिवशी केरबाला बजावलं. "त्याला आंघोळ घालायची, फिरवायचं, त्याचं मागचं-पुढचं सगळं आवरायचं. आणि ही नुसती गाडी समजू नकोस. हे आपलं घर आहे. घरात वागतात तसं वागायचं, चपला दाराबाहेर काढायच्या. मनाशी खूणगाठ बांध!"

मनाशी गाठ कशी बांधायची ते केरबाला ठाऊक नव्हतं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलाला बांधली.

गाडी निघाली. घाट चढायच्या आधी सगळे चहाला उतरले. चहा झाला, सगळे आत आले. केरबानं आबासाहेबांच्या कोल्हापुरी चपला, वहिनीसाहेबांचे सँडल आणि स्वतःच्या वहाणा दाराबाहेर ओळीनं मांडल्या. दार लावलं. गाडी सुटली.

घाट उतरून आबासाहेब देखावा बघायला खाली उतरले ते तापलेल्या डांबरावर. मग ते उड्या मारत राहिले. देखावा इतरांनी बघितला.

"चपला कुठायत?"

"दारात हायत की."

"कुठल्या दारात?"

"आपल्याच. चहा घेतला तवा जिथं दार हुतं, तिथं."

आबासाहेबांचे पाय आधीच भाजले होते, आता डोकं तापलं. "अरे गाढवा, ही गाडी आहे, गाडी! घर कोल्हापुरात आहे! लक्षात ठेव, घर कोल्हापुरात! आणि गाडी सुटायच्या आधी दाराशी जे काही असेल ते आत घ्यायचं!"

"व्हय जी," केरबा म्हणाला. त्यानं टॉवेलाला दोन गाठी मारल्या.

दुपारी गाडी एका खानावळीपाशी थांबली. सगळे जेवले. आबासाहेब आणि वहिनीसाहेब पुढं जाऊन बसले. केरबानं दाराशी काय आहे ते बघितलं. एक शेळी होती. करवंदांची पाटी होती. आणि गाडीच्या सावलीला पाटीवाली आजी टेकली होती.

"चला आजी, आत," केरबा म्हणाला.

आजींच्या उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या मानानं कुणी आत बोलावलं नव्हतं. त्या आल्या. शेळीही आली, तिलाही मान नवीन होता. गाडी सुटली.

बऱ्याच वेळानं वहिनीसाहेब पाठ टेकायला मागं आल्या, तर पलंगावर आजी घोरत होत्या. शेळीनं एक पडदा संपवून दुसऱ्याला तोंड घातलं होतं. युवराज पलंगाखाली दडून बसला होता, कारण त्याच्या भारी वंशावळीत शेळीचा कुठं उल्लेख नव्हता.

वहिनीसाहेबांच्या किंकाळीनं आजी जाग्या झाल्या. "गाडी ग्वाड हाय बाई," त्या म्हणाल्या. "च्या कवा मिळतो?"

आजींना चहा पाजून, शेळीसकट खानावळीपाशी परत पोचवावं लागलं. करवंदांची सगळी पाटीही विकत घ्यावी लागली.

"दिसेल त्याला आत घेतोस?" आबासाहेब ओरडले. "आधी विचारायचं, नाव काय? कुणाचा तू? ज्याला धड सांगता येईल, तो आपला. बाकी सगळे बाहेर!"

हे केरबाला पटलं. त्यानं गाठ मारली, जरा मोठीच.

संध्याकाळी समुद्राच्या अलीकडं युवराजला पाय मोकळे करायला उतरवलं. युवराजनं एका झाडाशी आपलं काम केलं आणि दाराशी येऊन उभा राहिला. केरबा दारात आडवा आला.

"नाव काय तुझं?"

युवराजनं शेपटी हलवली.

"शेपटीनं नगं, तोंडानं सांग. कुणाचा तू?"

युवराज भुंकला.

"असं कुणीबी भुंकंल," केरबा म्हणाला. खरं तर त्याला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. त्यानं दार लावलं. गाडी सुटली.

पुढच्या गावात वहिनीसाहेबांनी युवराजला बिस्किट द्यायला मागं हाक मारली. आला केरबा. त्यानं बिस्किट घेतलं, "बरं हाय" म्हणाला, आणि युवराजला नाव सांगता आलं नाही हेही सांगितलं.

वहिनीसाहेब ऊर बडवायच्याच बाकी राहिल्या. गाडी उलटी वळली. युवराज सापडला तो एका मासळीवालीच्या टोपलीशेजारी, तोंडाला बांगडा लागलेला. जन्मभर डॉक्टरनं मोजून दिलेलं कोरडं खाणं खाल्लेला तो जीव पहिल्यांदाच सहलीला आल्यासारखा दिसत होता.

"आत्ताच्या आत्ता चालता हो!" आबासाहेब केरबाला म्हणाले.

"आणि उद्या युवराजची घाण कोण काढणार? तुम्ही?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

आबासाहेबांना एकदम माणुसकी आठवली. केरबाला एक संधी मिळाली. "पण ही शेवटची," वहिनीसाहेब डोळे पुसत म्हणाल्या. "सहल संपेपर्यंत सांगितलेला शब्द न् शब्द पाळ. एवढं जमलं तर तुझी नोकरी पक्की."

शब्द न् शब्द! केरबाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याला जमणारं काम पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच्या बनात उभी होती. आबासाहेब निखाऱ्यावर मासे भाजत होते, म्हणजे जाळत होते. वहिनीसाहेब गुडघाभर पाण्यात उभ्या राहून स्वतःचे फोटो काढत होत्या. युवराज वाळूत धापा टाकत पडला होता.

"केरबा," वहिनीसाहेब तिथूनच म्हणाल्या, "उन्हानं दमलाय रे तो. त्याला घरी ने. पाय धू, पंखा लाव आणि झोपव."

केरबानं टॉवेल चाचपला. चपलांच्या वेळची गाठ सापडली. घर कोल्हापुरात आहे.

त्यानं युवराजच्या गळ्यात पट्टा घातला आणि हमरस्त्याला लागला. कोल्हापूरला निघालेला आंब्याचा टेम्पो थांबला.

"हे कोण?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"आबासाहेबांचा मुलगा."

टेम्पोवाल्यानं युवराजकडं नीट बघितलं. "मी आबासाहेबांस्नी वळखतो," तो म्हणाला. "तोंडावळा बापावरच गेलाय. बसा."

इकडं किनाऱ्यावर हाहाकार उडाला. पलंगाखाली बघून झालं, बनात बघून झालं, ना युवराज ना केरबा. वहिनीसाहेबांच्या मनात नको ते आलं. त्यांनी कोळ्यांना जाळी टाकायला लावली. जाळ्यात भरपूर कोळंबी आली, ती कोळ्यांनी ठेवून घेतली. संध्याकाळ झाली. वहिनीसाहेब वाळूत बसून हुंदके देत होत्या, आणि ते हुंदके मात्र अगदी खरे होते. इतक्यात फोन वाजला.

"वहिनीसाब, शेजारच्या काकूंकडनं किल्ली घेतली. पाय धुतले, पंखा लावला, युवराज झोपला," केरबा म्हणाला. "आता काय करू?"

आबासाहेबांनी फोन हिसकावला. रागानं त्यांना शब्द सुचेनात, आणि सुचले तेव्हा भलतेच सुचले. "तिथंच थांब! मी येऊन तुझी मानगूट धरेपर्यंत दार उघडायचं नाही! कुणीही येऊ दे, काहीही सांगू दे, दार उघडायचं नाही! कळलं?"

"कळलं जी," केरबा म्हणाला. आतून कडी लावली. टॉवेलाला आता जागा उरली नव्हती, तरी शेवटची गाठ मारली.

रात्री गाडी धुरळा उडवत बंगल्यासमोर आली. आबासाहेबांनी दारावर थाप मारली.

"मी आलोय! उघड!"

"मानगूट धरा, मग उघडतो," आतून केरबा म्हणाला.

"मानगूट धरायला आत यायला नको का?"

"या की."

"मग दार उघड!"

"मानगूट धरल्याबिगर?"

हे बराच वेळ चाललं. आबासाहेबांनी शिव्या दिल्या, वहिनीसाहेबांनी शपथा घातल्या. केरबानं सगळं ऐकून घेतलं आणि युवराजला उचलून खिडकीशी धरलं. युवराजनं गजांमधून वहिनीसाहेबांचा हात चाटला आणि पंख्याखाली परत गेला. दार काढायला सुतार सकाळशिवाय मिळणार नव्हता. मग मुलगा बंगल्यात झोपला आणि आईबाप दारापुढं गाडीत. आबासाहेबांची कॅरॅव्हॅनची हौस खऱ्या अर्थानं तिथं फिटली.

सकाळी सुताराच्या आधी बाजाबा आला. सहल संपली, मालक परत आले, केरबा अजून कामावर आहे आणि सगळा बंगला त्याच्या ताब्यात आहे, एवढं केरबानं फोन करून कळवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाजाबाच्या हातात नारळ होता. मागं रत्नी होती, नवं लुगडं नेसलेली, मान खाली घालून हसू दाबणारी.

"शाब्बास जावई!" बाजाबा म्हणाला. "माझा शब्द म्हंजे शब्द. नारळ देतो, आजच पोरगी दिली समज. दार उघड."

कॅरॅव्हॅनचं दार किलकिलं झालं. आबासाहेब पायजम्यावरच दबा धरून बसले. आता तरी हा उघडेल!

 रत्नी केरबाला मनापासून हवी होती. जन्मात दुसरं काही त्यानं इतकं मागितलं नव्हतं. त्याचा हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकली. मग दुसरा हात टॉवेलावर गेला, आणि कडी परत जागेवर बसली.

त्यानं खिडकी उघडली.

"मामा, मालकाचा हुकूम हाय, दार काय उघडता यायचं न्हाई. खिडकीतनंच द्या. नारळ सरळ यील. पोरगी जरा तिरकी धरा."