आईची गोष्ट आणि बाजारातल्या आरोळ्या

राजाचं नाव त्याच्या वंशजांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी नदीकाठच्या एका पेठेत एक लेखक राहत होता. व्यापाऱ्यांना तो मालाच्या आरोळ्या लिहून द्यायचा आणि दवंडीवाला त्या पेठभर ओरडत फिरायचा. लेखक कोणाचाच नोकर नव्हता, त्यामुळे जो येईल तो त्याला हुकूम सोडायचा. “सकाळपर्यंत हवंय हं! आणि जरा खमंग होऊ द्या.”

पण त्याचा जीव अडकला होता एका गोष्टीत. ती त्याच्या आईची होती. नवरा पुरात गेल्यावर त्या बाईने एकटीने होडी वल्हवून पोरं वाढवली होती. आता ती थकली होती.

“अरे, कान शाबूत आहेत तोवर सांग की माझी गोष्ट,” ती म्हणायची.

“सांगतो गं. हातातलं एवढं काम संपू दे.”

कामं कधी संपतात का? तुम्हीच सांगा.

एकदा तेलाच्या व्यापाऱ्यासाठी त्याला काही केल्या सुचेना. व्यापारी तर दारात उभा! मग त्याने आईच्या गोष्टीतलंच एक वाक्य काढून दिलं, ‘तिने केस मोकळे सोडले की नदीलाही घरी परतावंसं वाटे.’ तेल हातोहात खपलं. एका वाक्याने काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. पुढे घोंगडीवाला आला. त्याला दिलं, ‘वाऱ्याला पाठ देऊन ती आमचं पांघरूण झाली.’ दिवे विकणाऱ्याला दिलं, ‘पैलतीरी दिवा दिसला की आम्हांला भूक लागायची.’ कामचुकारपणाला त्याने हुशारी असं नाव दिलं होतं.

त्या गावात सुगीनंतर देवळाच्या पटांगणात गोष्टींची बैठक भरे. सांगणाऱ्याने वाक्य म्हणायचं आणि श्रोत्यांनी हुंकार द्यायचा, अशी रीत होती. त्या वर्षी लेखक उभा राहिला. आई पुढेच बसली होती.

“तिने केस मोकळे सोडले की...” तो म्हणाला.

हुंकार आलाच नाही. सगळं पटांगण दवंडीच्या चालीत ओरडलं, “नदीलाही घरी परतावंसं वाटे! घ्या हो तेल!”

हशा पिकला. लोक वाईट नव्हते हो. वाक्यं आवडली होती, म्हणूनच तर पाठ झाली होती. लेखक पुढे सांगू लागला. वाऱ्यावर घोंगडी आली, पैलतीरावर दिवे आले, लोक पोट धरधरून हसले. उरली होती ती कोणीच मागितली नव्हती अशी वाक्यं. ती ऐकताना लोक जांभया देऊ लागले.

परतताना आई म्हणाली, “बाळा, नवरा वाहून गेला तेव्हा मी केस मोकळे सोडून नदीकाठी ऊर बडवत होते. त्यात हसण्यासारखं काय होतं रे?”



तो नव्याने लिहायला बसला. पण आता प्रत्येक ओळ गिऱ्हाइकाला हाक मारत उतरायची. पुढच्या सुगीआधी आई गेली. तिची गोष्ट तिला धडपणे कोणीच सांगितली नाही.

तात्पर्य: पोटासाठी आपले कष्ट खुशाल विकावेत, पण जे जिवापासून एकदाच सांगायचं असतं, त्यातला एक शब्दही बाजारात नेऊ नये.