गोधडीची तहान

चैत्राची झळ नुकती लागू लागली होती आणि दयाळबुवा महाराज कवठसांगवीस मुक्कामाला होते. गावात ऐसपैस घरे होती, मारुतीचे देऊळ होते. पण महाराजांनी आसन मांडले ते ठकूबाईच्या परसातल्या लिंबाखाली. ठकूबाई एकटी, विधवा. थोडासा मोगरा आणि कुडावर चढवलेला दुधीचा वेल, एवढेच तिचे वैभव. दुपारी आयाबाया लिंबाच्या सावलीत जमत, कैरीला तिखटमीठ लावून खात आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसत. महाराजही त्यांच्यात बसून सुईत दोरा ओवून देत. काय सुख होते ते!

वेलाला पहिला दुधी धरला होता. रामनवमीला त्याची भाजी करून महाराजांना जेवू घालायचे, हा ठकूबाईचा ध्यास. पण विहिरीने तळ गाठला होता. वाट्याला एक घागर येई, त्यातले घोटभर स्वतःला ठेवून बाकीचे ती वेलाला घाली. कुडापलीकडे हैबतराव पाटलांचे घर होते. आमच्या मळ्यातले दुधी गुरेसुद्धा हुंगत नाहीत आणि ही एका दुधीवर महाराजांना जेवू घालणार, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगत. महाराजांनी आपल्याकडे न उतरता तिच्याकडे उतरावे, हे त्यांना फार झोंबले होते.

त्या गावची एक रीत होती. गोधडी पुरी होत आली की शेवटचा टाका घालण्याआधी तिच्या पोटात पोळीचा घास ठेवायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असे बायका मानत. ठकूबाईने घास ठेवला, टाका घातला आणि गोधडी महाराजांपुढे ठेवली. महाराजांनी तिच्यावरून हात फिरवला आणि विचारले, "घास दिलास. पाणी दिलंस का हिला?"

बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. उबेच्या वस्तूला पाणी? महाराज थट्टा करताहेत म्हणावे, तर चेहऱ्यावर हसू नव्हते. आता रोज सकाळी घागर हिच्यावर ओतत जा, असे त्यांनी सांगितले.

"आन् मंग येलाला काय घालू, महाराज?" ठकूबाईने चाचरत विचारले.

"घागर एकच आहे ना?" महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ठकूबाई पार गोंधळून गेली. हा कोप म्हणावा की कृपा? तरी दुसऱ्या सकाळी तिने गोधडी कुडावर पसरून तिच्यावर घागर रिती केली. तसेच रोज करू लागली. वेल माना टाकू लागला, कोवळा दुधी सुरकुतून गळून पडला. त्या दिवशी ती लिंबाआड जाऊन रडली. हैबतरावांना तर ऊतच आला. आता गोधडीलाच दुधी लागतील, असे ते कुडावरून ओरडून गेले. इतकी माणसे जमत, पण महाराजांना खुलासा विचारण्याचे धाडस कुणाला झाले नाही.

हैबतरावांची लेक गजरा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. ऊन वाढले म्हणून तिला मागच्या गवती छपराच्या खोलीत ठेवले होते. एका भर दुपारी वावटळ उठली, बाजेखालच्या शेकशेगडीतली ठिणगी उडाली आणि छपराने पेट घेतला. बघता बघता दार ज्वाळांनी झाकले. आत गजरा आणि तिचे तान्हे. घरात पाण्याचा थेंब नाही, विहीर लांब. हैबतराव दाराकडे धाव घेत आणि होरपळून मागे येत.

ठकूबाईने कुडावरची गोधडी ओढली. सकाळचे पाणी, डोक्यावर सूर्य आलेला, गोधडी खडखडीत वाळलेली असायला हवी होती. पण ती तिला उचलवेना! काठाकाठातून पाणी निथळत होते. ती तशीच ओढत नेऊन तिने हैबतरावांच्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "जा पाटील. लेकीला आना."

ते ज्वाळांत शिरले. बाहेर आले तेव्हा गोधडीखाली लेक होती, लेकीच्या छातीशी बाळ होते आणि गोधडीतून अजून पाणी गळत होते. तिचा एक टाकाही करपला नव्हता.

भाविकहो, हे कसे झाले ते सांगणारा मी कोण? हैबतरावांनी महाराजांचे पाय धरले आणि त्यांना हे आधीच दिसले होते का, असे विचारले. महाराज स्वतःच गोंधळल्यासारखे त्यांच्याकडे पाहत राहिले.

"नाही रे बाबा," ते म्हणाले. "मला ती तहानलेली वाटली, एवढंच. पाणी कुणी दिलं, ते बघ."

हैबतराव उठले आणि वाळलेल्या वेलापाशी उभ्या असलेल्या ठकूबाईपुढे गेले. ती संकोचून मागे सरली, पण त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"माय," ते म्हणाले, "तुझ्या वेलाच्या तोंडचं पानी माझ्या लेकीनं पिलं गं."