नवरीची काळी भिंत

अहो, नाक मुरडू नका. लाल भिंतीवरची पांढरी चित्रं तेवढी खरी वारली, असं कुठंतरी ऐकून येता आणि आमच्या भुईपाड्यातली ही काळी भिंत बघून तोंडं वाकडी करता. गेरू संपला म्हणून काळी केली नाही ती.

समोर तो तांबडा डोंगर दिसतो ना, पूर्वी सगळ्यांच्या भिंतींना तिथलीच माती लागायची. मग म्हणे एका जमीनदाराने डोंगर बळकावला आणि पाड्यातल्याच झिपरला राखणीला बसवलं. हुकूम असा, की आधी साऱ्या पाड्याने फुकट वेठीला राबायचं, मगच लग्नाची माती न्यायची.

तेव्हा बुधीच्या लेकीचं, चैतीचं, लग्न तोंडावर आलेलं. लाल भिंतीशिवाय देवीचा चौक, म्हणजे लग्नाचं पांढरं चित्र, लिहीत नसत आणि चौकाशिवाय लग्न लागत नसे. पाडा निमूट वेठीला निघाला. बुधी तेवढी दारात पाय रोवून उभी राहिली.

"माझ्या पोरीचं लगीन कोणाच्या गुलामीवर लागणार नाय!"

तिने भाताच्या खाचरातली काळी माती आणली, तिच्यात कोळसा कुटून घातला आणि भिंत सारवली. भगत रूपजी हादरलाच.

"बुधे, काळ्यावर देवी उतरत नाय. पोर जन्माची बिनलग्नाची राहील."

"धान्याची कणसरी माय काळ्या खाचरातच पिकते ना? मग तिला काळी भिंत का नको?"

तांदळाची पिठी भिजवून तिने चौक लिहिला आणि रीतीप्रमाणे फडक्याने झाकला. मनातून घाबरली होती, पण मागे हटली नाही.

लग्नाच्या दिवशी चौकावरचं फडकं काढलं. देवी उतरली तर कोणाच्या तरी अंगात वारं येतं. हाका मारून भगताचा घसा बसला, वारं काही येईना. बुधीने लेकीचा हात घट्ट धरला. आईचा जीव तो, नुसता टांगणीला लागलेला.

तेवढ्यात जमीनदाराच्या हुकमाने भिंत खरवडायला झिपर आत घुसला. चौकावर काठी उगारली आणि तसाच थरथर कापायला लागला. काठी गळून पडली. "लावा लगीन!" असं देवीच त्याच्या तोंडून बोलली, असं सांगतात.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी वेठीला कुत्रंसुद्धा गेलं नाही.

डोंगर आता मोकळा आहे, माती हवी तेवढी मिळते. तरी आजही आमच्या लेकींचं लग्न काळ्या भिंतीपुढेच लागतं, आणि ती सारवायला पहिला हात झिपरच्या घरचा लागतो.