पिल्लांचा युवराज

"हात लावायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत, आणि अठरा पिल्लांतली पाच उत्तम पिल्लं निवडून द्यायची! त्यांत एक जरी अधू निघालं, तर तुझ्या घरच्या सगळ्या कोंबड्या आमच्या मुदपाकखान्यात!"

राजा हंबीरसिंहाचा हा हुकूम ऐकला आणि भिवराला आधी आपलं परस आठवलं. भिवरा सोनतळ्याच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या परसात तीस कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. उद्या त्यांचा रस्सा होणार!

आणि हे सगळं कशावरून? तिने एक खरी गोष्ट सांगितली म्हणून!

झालं होतं असं. राजाने दूर देशाहून अस्सल असील जातीच्या कोंबड्यांची एकवीस अंडी मागवली होती. अंड्यांबरोबर त्यांची वंशावळही आली, अकरा पिढ्यांची. राजाची स्वतःची वंशावळ सात पिढ्यांचीच होती, त्यामुळे त्याला मनातून थोडं वाईट वाटलं, पण अंड्यांबद्दलचा आदर मात्र दुप्पट झाला. दरबाराचे वंशावळकार धुंडिराजशास्त्री यांनी एकेका अंड्याला कुंकू लावलं, त्यावर आकडा घातला आणि पहिल्या अंड्याला 'युवराज' ही पदवीही देऊन टाकली. मग ती अंडी उबवायला भिवराकडे आली.

भिवराने अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं आणि तीन बाजूला काढली.

"अगं, हे काय करतेस?" धुंडिराज ओरडले. "त्यांचं घराणं फार मोठं आहे!"

"घराणं असेल, शास्त्रीबुवा. पण आत पिल्लू नाही."

उरलेली अठरा तिने दोन खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी सतरा पिल्लं आपापलं कवच फोडून बाहेर आली. युवराज काही येईना! शेवटी धुंडिराजांनी मंत्र म्हणत स्वतःच्या हातांनी कवच सोललं, पिल्लाला बाहेर ओढलं आणि त्याच्या पायात जरीचा धागा बांधला.

तिसऱ्या दिवशी राजा पिल्लं पाहायला आला, तेव्हा भिवरा म्हणाली, "महाराज, रक्त सगळ्यांचंच शुद्ध आहे. पण या जरीवाल्याची बोटं वाकडी आहेत, बेंबी अजून सुकलेली नाही, एक डोळा उघडत नाही. खाऊपिऊ घाला, जगेल बिचारा. पैदाशीला मात्र ठेवू नका. याची पिल्लंही अशीच निघायची."

धुंडिराज संतापले. "महाराज, हिचाच हात लागला म्हणून बोटं वाकडी झाली! हिचीच नजर लागली म्हणून डोळा मिटला!"

"असं?" राजा म्हणाला. "मग हिने हात आणि नजर दोन्ही न वापरता निवड करावी!"

आणि मग तो हुकूम सुटला.

भिवराने पिल्लांकडे एकवार पाहिलं. मग विचारलं, "महाराज, एक वीट, एक पितळेची परात आणि मूठभर ज्वारीची कणी मिळेल का?"

"विटेने काय, पिल्लांना मारणार आहेस?" धुंडिराजांनी विचारलं.

"नाही, शास्त्रीबुवा. त्यासाठी तुमची काळजीच पुरे आहे!"

दुपारी राजवाड्याच्या अंगणात सगळा दरबार जमला. भिवराचे डोळे बांधले, हात पाठीमागे बांधले. तिच्या सांगण्यावरून तिच्या पायाशी परात ठेवली, परातीत कणी टाकली आणि परातीपुढे वीट आडवी ठेवली. सकाळपासून उपाशी असलेली अठरा पिल्लं विटेपलीकडे सोडली.

भिवराने पायाच्या नखाने परात वाजवली. टुक, टुक, टुक! कोंबडी दाणा टिपते तशी. आणि घशातून कोंबडीसारखाच हळू आवाज काढला.

अंगणात एकच पळापळ उडाली! पिल्लं माना उंचावून परातीकडे धावली. एकाने विटेवर उडी मारली, घसरलं, पुन्हा मारली आणि परातीत उतरलं. त्यामागून दुसरं, तिसरं!

"पहिली पाच जी परातीत उतरतील, ती माझी निवड, महाराज!" भिवरा म्हणाली. "मला दिसत नाही, आपणच मोजा."

राजाने मोजली, स्वतः उचलली, उलटीपालटी करून पाहिली. बोटं सरळ, बेंबी सुकलेली, डोळे टपोरे, आणि तळहातावरसुद्धा स्वस्थ बसेनात. एकातही खोट नाही!

"ही लबाडी आहे!" धुंडिराज उसळले. "निवड हिने केलीच नाही, पिल्लांनी केली!"

"महाराजांनी माझे हात बांधले, डोळे बांधले," भिवरा म्हणाली. "कान कुठे बांधले होते? माझेही नाहीत आणि पिल्लांचेही नाहीत!"

राजाच्या मिशीखाली हसू फुटू लागलं. त्याने भिवराचे हात आणि डोळे सोडायला लावले. मग इकडेतिकडे पाहत त्याने विचारलं, "पण आमचे युवराज कुठे आहेत?"

युवराज सोडल्या जागीच बसून होते, डोळा मिटून.

"महाराज, गैरसमज नको!" धुंडिराज पुढे सरसावले. "जातिवंत असा धावत सुटत नाही. अन्नाकडे जाणं हे सामान्यांचं काम. थोर कुळातला जागचा हलत नाही. तो बसून राहतो, डोळे मिटून घेतो, आणि लोक त्याला भरवतात!"

भिवराने हात जोडले.

"शास्त्रीबुवा म्हणतात ते अगदी खरं, महाराज. मीच चुकले. याला खुराड्यात ठेवूच नये, दरबारात घ्यावं! इथे त्याच्या कुळातले पुष्कळ आहेत."

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. आणि मग राजा असा खदखदून हसला की त्याच्या हातातली पाचही पिल्लं घाबरून खाली उड्या मारून पळाली!

"दिलं!" डोळे पुसत राजा म्हणाला. "युवराजांना दरबारात जागा दिली! धुंडिराज, आजपासून तुम्ही त्यांना रोज चार वेळा स्वहस्ते भरवायचं. आणि भिवरा, ही पाच पिल्लं तुझी. सोनतळ्याचं गायरान तुझ्या कोंबड्यांना, आणि राज्यात कुठल्याही खुराड्यात काय ठेवायचं, काय नाही, हे तू सांगशील!"

"आणि दरबारात, महाराज?"

"पोरी," राजा पुन्हा हसत सुटला, "तिथे परात वाजवून निवड केलीस तर दरबारात मी एकटाच उरेन!"