अस्वल फांदी होते तेव्हा

डोंगराच्या ज्या उतारावर खडक जास्त आणि माती कमी, तिथे एका उंच कवठाच्या झाडाखाली एक अस्वल राहत असे. अंगाने दांडगे आणि स्वभावाने ताठ. कुणासाठी पाऊलभर मागे सरणे त्याला ठाऊकच नव्हते. वरून कवठ सुटले की ते दोन्ही पंजे खडकावर घट्ट टेकवून त्याच्याखाली धरी. कवठ आदळे आणि टचकन फुटे. "पाहिलंत? कवठ फुटलं, पण माझा हात तसूभर हलला नाही!" असे म्हणत अस्वल मिटक्या मारत गर खाई.

त्याच झाडावर एक वानरीण आपल्या पिल्लासह राहत होती. तिच्या जिवाला कधी स्वस्थता नसे. पिल्लू जरा नजरेआड झाले की ती या फांदीवरून त्या फांदीवर येरझाऱ्या घाली. एका दुपारी तिला ज्याची धास्ती होती तेच घडले. पिल्लू खेळता खेळता एका वाळक्या फांदीच्या टोकाला गेले आणि फांदी कडकडली. पिल्लू भीतीने तिथेच चिकटून बसले. वानरीण त्याला आणायला पुढे सरकली, तशी फांदी आणखी कडकडली. ती झटकन मागे आली. खाली उतरून फांदीखाली पोहोचेपर्यंत फांदी टिकणार नव्हती. खाली नुसता खडक होता आणि खडकावर अस्वल.

"घाबरू नकोस, मी झेलतो!" अस्वल ओरडले. त्याने पंजे खडकावर टेकवले, अगदी कवठासाठी टेकवते तसेच.

"तसं नको रे दादा!" वानरीण किंचाळली. "तुझ्या हातावर कवठाचं काय होतं ते रोज बघतेय मी. उभा राहा. पिल्लू हाताला लागलं की त्याच्याबरोबर हात खाली ने."

"म्हणजे मी माघार घ्यायची? मी?"

शेजारच्या फांदीवरची साळुंकी खिदळली. "अस्वलमामा, एवढ्याशा पिल्लापुढे वाकणार तुम्ही? बघायला सगळं रान बोलावते!"

"तू गप गं!" वानरिणीने हाताशी आलेले कवठ तोडले. "दादा, हे झेल. हे फुटलं तर माझं पिल्लू गेलं समज."

अस्वल उभे राहिले, पण हात मात्र ताठच ठेवले. कवठ आदळले आणि फुटले. पंजावरचा गर गळत होता. आज पहिल्यांदाच अस्वलाने तो चाटला नाही. ते नुसते त्या फुटक्या कवचाकडे बघत राहिले.

वर फांदी पुन्हा कडकडली. वानरीण घाईघाईने समजावून सांगू लागली, "दादा, आम्ही वानरं एवढ्या लांब उड्या मारतो, तरी आमची हाडं शाबूत कशी राहतात? फांदी वाकते म्हणून. ती आम्हाला घेऊन खाली जाते आणि मग हळूच थांबवते. तू फांदी हो. होशील ना?"

वानरिणीने दुसरे कवठ टाकले. ते पंजात पडताच अस्वलाने हात त्याच्याबरोबर खाली, पार गुडघ्यांपर्यंत नेले. कवठ अख्खे राहिले!

"अस्संच! पण पिल्लू कवठाहून जड आहे. त्याच वेगानं आलं तरी त्याचा जोर जास्त असेल. तुला अजून खाली..."

तेवढ्यात फांदी मोडली. पिल्लू खाली आले. अस्वलाने ते पंजात घेतले, हात खाली नेले, ते पुरेना तसे गुडघे वाकवले, मग खाली बसले आणि शेवटी पिल्लाला पोटाशी धरून चक्क मागे कोलमडले. मुलांनो, पडताना पिल्लाच्या अंगात वजन आणि वेग यांचा मिळून जो जोर भरला होता, त्याला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात संवेग म्हणतात. तो संपल्याशिवाय पिल्लू थांबणारच नव्हते. खडकाने तो पापणी लवायच्या आत संपवला असता आणि सगळा दणका त्या कोवळ्या हाडांना बसला असता. अस्वलाने तोच सावकाश संपवला, म्हणून दणका सौम्य झाला.

"अस्वलमामा, पडलात की हो!" साळुंकी ओरडली.

"पडलो नाही," अस्वल उताणेच राहून म्हणाले, "थांबवलं."

पिल्लाने त्याच्या केसांतून डोके वर काढले. "मामा, परत एकदा?"

"खबरदार!" वानरीण धडपडत खाली आली. तिने पिल्लाचे हात, पाय, शेपूट सगळे चाचपून पाहिले. मग पुन्हा चाचपले. अस्वल हळूच उठले. ते न फुटलेले कवठ शेजारीच पडले होते. अस्वलाने ते पंजात घेतले आणि जरा चाचरत विचारले, "ताई, आता हे फोडू का?"

तेव्हा कुठे वानरिणीला हसू आले.

तात्पर्य : वेगाने येणाऱ्याला ताठ उभे राहून अडवले तर ते मोडते, त्याच्यासोबत थोडे मागे सरून त्याला थांबायला वेळ दिला तर ते सुखरूप थांबते, आणि रागाने धावून आलेल्या आपल्या माणसालाही हेच लागू आहे.