भरखाडीतला हुकूम

एका लहानशा संस्थानात, खाडीकाठच्या गावांतल्या हिंदू-मुसलमानांनी मिळून कारभारी धाररावांच्या जुलमाविरुद्ध महाराजांकडे अर्ज धाडला. धाररावांनी ठरवलं, आधी ही एकी मोडायची.

एके सकाळी ते भागूजी कोळ्याच्या होडीत बसले. होडी दोन्ही समाजांच्या माणसांनी भरली होती. वल्ही भागूजीच्या हाती होती आणि सुकाणू त्याचा जोडीदार इस्माईल सांभाळत होता. होडी खाडीच्या मध्यावर आली, तसे धारराव गरजले, "हिंदू-मुसलमानांनी यापुढे एका होडीत बसायचं नाही! बसवेल त्याची होडी जप्त!"

होडी गेली तर भागूजी आणि इस्माईल दोघांच्याही चुली विझणार होत्या. तरी भागूजीनं शांतपणे वल्ही आत घेतली.

"कधीपासून, सरकार?"

"या घटकेपासून!"

"मग कुणाला तरी आत्ताच उतरवायला हवं. मुसलमान उतरवले तर सुकाणू सुटतं. हिंदू उतरवले तर वल्ही थांबतात, आणि सरकारांनाही पाण्यात उतरावं लागतं. कुणाला उतरवू?"

ओहोटी लागली होती. होडी हळूहळू समुद्राकडे ओढली जाऊ लागली. धाररावांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

"अरे, आधी काठाला ने!"

"कुणाला, सरकार?"

"सगळ्यांना! सगळ्यांना एकत्र ने!"

"ऐकलंत ना मंडळी, सरकारांचा नवा हुकूम?" म्हणत भागूजीनं वल्ही पाण्यात टाकली.

काठ येताच धारराव निघून गेले. पहिला हुकूम कधी कागदावर आलाच नाही. त्या दिवशी भागूजीनं होडी काठाला बांधली. मग तो आणि इस्माईल दोघंही पोट धरून हसत सुटले.