कोल्हा नसलेली पुस्तकं

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण पाहिली आहे.

फार पूर्वी एक कोंबडी पिल्लांना रोज चित्रांच्या पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवी. पोपट गठ्ठा आणून देई आणि ती निवडी. फुलपाखरांची पुस्तकं पिल्लांसमोर, अन् कोल्हा असलेली अंड्यांसारखी पोटाखाली दडवून वर स्वतः बसे.

पोपट म्हणाला, "अगं ताई, लोककथेतून कोल्हा काढलास तर उरेल काय?"

"माझी पोरं झोपेत दचकतात. तुझं काय जातंय?"

एक दिवस कोंबडी दाणे टिपायला गेली आणि खराच कोल्हा दारात आला. पिल्लांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, चित्रातसुद्धा नाही. "काका, काय झुबकेदार शेपूट हो तुमचं! या ना आत, गोष्ट सांगा," म्हणत ती त्याच्याभोवती गोळा झाली. कोल्ह्याने तोंड उघडलं. तेवढ्यात कुत्रा भुंकत धावून आला आणि कोल्हा पळाला.

आता कबूल करतो, यातलं एक मी पदरचं घातलं आहे. त्या अंगणात कुत्रा नव्हता.